सहावी बाटली

पोर्ट एलरी, ३ जून

जनेल,

तुझं कार्ड मिळालं. साडेतीन वर्षांनी आलेलं कार्ड, त्यात चार ओळी, आणि त्यातल्या दोन पाण्याबद्दल! आत्याच्या डेनीच्या लग्नाला येणार आहेस, नळाला फिल्टर बसवला तर बाळाला घेऊन माझ्याकडे उतरशील, नाही तर हायवेवरच्या मोटेलात. आणि खाली, "फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस." बरं, नाही करत. ओरडतो हे खरं आहे. चौतीस वर्षं पंपांच्या शेजारी उभं राहून बोललेला माणूस कुजबुजणार कसा?

बाळाचं नाव आयडा ठेवलंस हे मला तुझ्या आत्याकडून कळलं. माझ्या आईचं नाव. मी त्यावर काही बोलत नाही, नाही तर तुला वाटेल लगेच पाघळला.

पण फिल्टर? माझ्या घरात? १९७८ पासून २०१२ पर्यंत या गावाच्या वॉटरवर्क्समध्ये मी सरोवराचं पाणी गाळलं. वाळूच्या थरातून, कोळशाच्या थरातून, क्लोरिन मोजून. दर पाळीला आम्ही सगळे ऑपरेटर एक एक पेला भरून प्यायचो, नवीन आलेल्याला तर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर प्यायला लावायचो. १९९४ साली राज्यातल्या पाणी चाखायच्या स्पर्धेत आपलं गाव पहिलं आलं. ती पाटी अजून दिवाणखान्यात आहे, तू लहानपणी तिच्यावर मिशा काढल्या होत्यास. आता त्याच घरात सिंकखाली प्लॅस्टिकचं नळकांडं बसवू? शेजारची बर्नडीन हसून हसून खुर्चीवरून पडेल. तिचं वय ऐंशी आहे, पडली तर ते मला महागात पडेल.

तुला कोणी घाबरवलं एवढंच मला जाणून घ्यायचंय. क्लोरिनचा वास येतो म्हणून म्हणतेस? की शिशाबद्दल कुठे ऐकलंस? चव, वास, रंग, क्षार, जंतू, शिसं, या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. लोक सगळं एका पिशवीत कोंबतात आणि दुकानातून दिसेल ते उचलून आणतात. तू तसं करू नये म्हणून मी आपल्या नळाचं पाणी प्रयोगशाळेत पाठवतो. आकडा आला की तुला कळवीन. आकड्याशी भांडता येत नाही.

चर्चच्या तळघरात, तुझ्या आईच्या दफनानंतरच्या जेवणाच्या वेळी जे झालं त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. अक्षर मोठं काढलंय, ओळींत जागा सोडलीय. त्याचा राग मानू नकोस.

डॅड


पोर्ट एलरी, १८ जून

जनेल,

निकाल आला. शिसं: सापडलं नाही. कमी सापडलं असं नव्हे, यंत्राला दिसलंच नाही! बाकीचं सगळंही नीट आहे. क्लोरिन हवा तेवढा, चुना थोडा जास्त, पण त्याने कोणी मेल्याचं ऐकिवात नाही, फक्त कॉफीचं भांडं पांढरं पडतं. कागदाची प्रत सोबत जोडली आहे. ज्या ओळीवर लाल खूण आहे तेवढीच वाचलीस तरी चालेल.

सगळं कसं नीट केलं तेही सांगतो, म्हणजे शंका नको. नळाच्या तोंडाची जाळी काढून घासली. मग पाणी चांगलं हाताला गार लागेपर्यंत वाहू दिलं, आणि मगच बाटली भरली. बर्नडीन साक्षीला होती. साक्षीला म्हणजे, ती कॉफी प्यायला आली होती आणि मी तिला हलू दिलं नाही.

तेव्हा आता मोटेलचा विषय संपला असं मी धरून चालतो. तुझी खोली झाडून ठेवली आहे. खिडकी पूर्वी अडकायची, आता अडकत नाही. पाळणा आत्याकडून आणीन. तू फक्त येण्याची वेळ कळव.

मनातलं सांगू? निकालाचं पाकीट मी लगेच फोडलं नाही, आधी अख्खं अंगण झाडलं. का ते मला समजलं नाही.

डॅड


पोर्ट एलरी, २३ जून

जनेल,

मागच्या पत्रातला आकडा धरू नकोस.

शुक्रवारी मासे खायला गेलो होतो, बर्नडीन आणि मी, नेहमीच्या टेबलावर. मी तिला तो कागद दाखवला. तसा मी वाढणाऱ्या पोरीला आणि बारवाल्यालाही दाखवला होता. बर्नडीनने चष्मा लावला, वाचला, आणि बटाट्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली, "नॉर्ब, तू नळ किती वेळ सोडून ठेवला होतास रे? माझी अर्धी कॉफी संपली तोवर."

"दोन-तीन मिनिटं. तसंच करायचं असतं."

"आणि तुझी पोरगी सकाळी उठून बाळाचं दूध करेल, तेव्हा ती तीन मिनिटं नळाकडे बघत उभी राहणार? पोर बोंबलत असताना?"

"मुद्दा तो नाही, बर्नडीन."

"मग कुठला आहे? तिला तुझ्या सरोवराचं पाणी नाही प्यायचं, तुझ्या नळाचं प्यायचंय."

मी चिडून ब्रँडी मागवली. चिडलो कारण तिचं बरोबर होतं, आणि ती चाळीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होती आणि मी चौतीस वर्षं पाणी तपासत होतो.

आता हे तुला नीट सांगायला हवं. आमच्याकडे दर काही वर्षांनी गावातल्या ठरावीक घरांतून पाण्याच्या बाटल्या गोळा व्हायच्या, शिसं बघायला. लोकांना द्यायची सूचनांची चिठ्ठी मी लिहायचो. तिच्यात पहिलं वाक्य होतं, "आदल्या रात्री नळ मोकळा सोडून पाइप स्वच्छ धुऊन घ्यावा, जाळी काढून घासावी." त्यात कोणाला फसवायचा हेतू नव्हता, शप्पथ. आम्हा वॉटरवर्क्सवाल्यांची ती सवयच असते. पाहुणा यायच्या आधी आपण घर झाडतो, तसं. आम्हाला आमचं पाणी मोजायचं होतं, लोकांच्या पाइपांतली घाण नव्हे. पण लोक तर पाइपातून आलेलंच पाणी पितात ना? हा साधा प्रश्न मला चौतीस वर्षांत एकदाही पडला नाही. मला सगळ्या गोष्टींचं कुतूहल होतं, मीटर पलीकडे काय चालतं त्याचं मात्र नव्हतं.

घरी येऊन तळघरात उतरलो. भिंतीतून मीटरकडे येणारा पाइप करडा आहे. नाण्याने खरवडला तर चांदीसारखा चकाकला, लोहचुंबक लावला तर चिकटला नाही. म्हणजे शिसं. हा पाइप कसला आहे ते मी विसरूनच गेलो होतो.

आता पुन्हा बाटल्या भरतो. या वेळी दहा. रात्री झोपल्यापासून सकाळपर्यंत घरात कोणी पाण्याला हात लावायचा नाही, म्हणजे मीच लावायचा नाही, आणि मग नळ उघडला की पहिल्या थेंबापासून ओळीने दहा बाटल्या. का ते निकाल आल्यावर सांगतो. मला यात आता फारच गंमत वाटायला लागली आहे, आणि त्याची जरा लाजही वाटते.

डॅड


पोर्ट एलरी, ८ जुलै

जनेल,

आकडे आले. कागदावर खाली काढून देतो, तुला आकडे नेहमीच शब्दांपेक्षा लवकर दिसायचे.

तीन, तीन, चार, नऊ, बावीस, एकतीस, सव्वीस, चौदा, सहा, दोन.

हे पाण्याच्या अब्ज भागांत शिशाचे किती भाग, ते आहेत. बाळाला यातला एकही नको. आता बघ काय सुंदर आहे हे. सुंदर म्हणू नये, पण आहे! पहिली बाटली म्हणजे नळ आणि सिंकखालचा तुकडा. दुसरी-तिसरी म्हणजे भिंतीतला तांब्याचा पाइप. चौथी तळघर. पाचव्या बाटलीला आपण मीटर ओलांडून बाहेर गेलो. सहावी म्हणजे अंगणाखालचं पाणी, त्या मेपलच्या झाडाखाली रात्रभर झोपलेलं. मग हळूहळू रस्त्याखालची मुख्य लाइन लागते आणि आकडा उतरत दोनावर येतो. मी दहा बाटल्या ओट्यावर ओळीने मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत बसलो. सगळ्या अगदी सारख्या दिसतात. सहावीची मी चव घेऊन बघितली, काहीच कळलं नाही. स्पर्धेतल्या परीक्षकांनी तिलाही बक्षीस दिलं असतं.

नळ थोडा वेळ सोडून मग पाणी घेतलं तर भागेल, असं तुला लिहावं असं माझ्या मनात आलं होतं. मी कागदावर गणितही केलं. पण दिवसा दोन तास कोणी नळ उघडला नाही तर पाणी पुन्हा तिथेच पडून राहतं, आणि पाच महिन्यांच्या पोराच्या दुधाच्या बाबतीत कोणी गणितावर विसंबू नये. उकळून उपयोग नाही, वाफ जाते आणि शिसं मागे राहतं, उलट दाट होतं. तुझ्या आईचा तो गाळणीचा जग कपाटात सापडला. त्याचं खोकं वाचलं, तो फक्त वास आणि चव सुधारतो. लोक त्याच्यावर भरवसा ठेवून शिसं पीत असतील. शिशासाठी वेगळी तपासणी झालेला फिल्टर लागतो, आणि खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं.

वॉटरवर्क्समध्ये गेलो. तिथे आता मिस हाल्वरसन म्हणून तिशीतली मुलगी प्रमुख आहे. मी तिला माझ्या जुन्या चिठ्ठीबद्दल सांगितलं. मला वाटलं तिला धक्का बसेल. ती म्हणाली, "हो, मिस्टर झील्की, आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या काळातले शिशाचे आकडे आम्ही धरतच नाही." इतकं गोड बोलली की मी तिचे आभार मानले. आपला पाइप पुढच्या वसंतात खणून बदलणार आहेत.

निघताना तिने विचारलं, "तुमच्या भागातले पाइप १९८६ मध्ये बदलले होते ना? मग तुमचाच कसा राहिला?" मी म्हटलं, आठवत नाही.

फिल्टर मागवला आहे. तेवढं झालं. पण तू येऊन उतरशील तेव्हा या घरात काय होतं ते तुला ठाऊक असायला हवं, म्हणून लिहितो. मी विसरलो नव्हतो. मागच्या पत्रात तुला खोटं सांगितलं, आणि मिस हाल्वरसनलाही. त्या ऑक्टोबरात रस्ता खणलेला होता. मुकादम म्हणाला, "नॉर्ब, खड्डा उघडाच आहे, अर्ध्या दिवसात तुझा पाइप बदलून देतो." गल्लीतले सगळे दारात उभे राहून बघत होते. मी मोठ्याने म्हणालो, "माझा राहू दे. पाइपाला आतून चुन्याचा थर बसतो, काही होत नाही. वॉटरवर्क्सच्या माणसानेच पाइप बदलला तर गाव घाबरेल." लोक हसले. मला फार बरं वाटलं तेव्हा. त्यांनी त्यांचे पाइप बदलून घेतले. घरात तू सात महिन्यांची होतीस.

डॅड


पोर्ट एलरी, २२ जुलै

जनेल,

तुझं दुसरं कार्ड आलं. एकच ओळ. "माझं दूध कुठल्या पाण्यात करायचात?"

येणार की नाही ते लिहिलं नाहीस. विचारायचा हक्क तुझा आहे, म्हणून आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

मीच करायचो. तुझी आई नाही. तिला तुझ्या जन्मानंतर बराच काळ बरं नव्हतं, आणि माझी पाळी सहाला सुरू व्हायची, म्हणून दिवसभराचं पाणी मी पाच वाजता उकळून ठेवायचो. टोमॅटोच्या बरण्या उकळायचं ते मोठं निळं पातेलं असायचं. त्यात आठ-नऊ बाटल्या पाणी मावतं. म्हणजे सहावीही मावते. आणि मी ते चांगलं खळखळ उकळायचो, पंधरा मिनिटं, म्हणजे जंतू राहायला नकोत.

यातली सगळ्यांत वाईट गोष्ट तुला सांगतो. जगात सगळीकडे मी नळ सोडून ठेवायचो. दुसऱ्यांच्या घरी, चर्चमध्ये, शाळेत, हात गार पडेपर्यंत. फक्त त्या एका वेळी सोडत नव्हतो. आपला तो नळ पूर्ण उघडला की पाइप भिंतीत धडधडायचा. तू आणि आई जेमतेम झोपलेल्या असायचात. म्हणून मी बारीक धार सोडायचो, बोटाएवढी, आणि पातेलं तिरपं धरायचो, म्हणजे पाण्याचाही आवाज होऊ नये. रात्रभर पाइपात पडलेला थेंब न् थेंब मी त्या पातेल्यात जपून घेतला. मला वाटायचं, किती चांगला बाप आहे मी.

तुला लहानपणापासून वाचन जड गेलं ते त्या शिशामुळे का? मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या अडतीस वर्षांनी कोणी सांगू शकत नाही, आणि तुझा लिओकाकाही अक्षरं उलटी वाचायचा. असेल किंवा नसेल. मी आयुष्यभर एक बाटली भरून पाठवली की उत्तर यायचं. याचं येणार नाही. त्यामुळे मला अन्न गोड लागत नाही, पण ते माझं दुखणं आहे, तुझं नव्हे.

एक गोष्ट मात्र तपासायला पाठवावी लागत नाही. आईच्या दफनानंतरच्या त्या जेवणात तू तिच्यासाठी बायबलमधला उतारा वाचायला उभी राहिलीस, ओळीखाली फुटपट्टी धरून. तिसऱ्या ओळीवर अडलीस. आणि मी साठ माणसांसमोर म्हणालो, "राहू दे, आळस काही गेला नाही हिचा." शाळेतही हेच म्हणायचो, दर वर्षी, प्रगतिपुस्तक बघून. आळशी. ठोंब. तू रात्र रात्र बसून लाकडावर नक्षी कोरायचीस आणि मी तुला आळशी म्हणायचो. पाइप सोन्याचा असता तरी ते चूकच होतं. मला माफ कर. हे मी आधी लिहायला हवं होतं, आणि बाटल्या नंतर भरायला हव्या होत्या.

फिल्टर बसवला. शिशासाठीचा आहे, थंड पाण्याच्या पाइपावर सिंकखाली, म्हणजे नळातून येतं ते सगळं गाळूनच येतं. मधलं नळकांडं कधी बदलायचं ती तारीख दाराला आतून चिकटवली आहे. बसवल्यावर पुन्हा सकाळची दहा बाटल्यांची ओळ पाठवली, दहाही कोऱ्या आल्या. बर्नडीन हसली नाही. तिने एक पेला भरून घेतला आणि म्हणाली, "चव तीच आहे की रे मेल्या." तिच्याही घरचं पाणी आता मी तपासतो आहे.

तू मोटेलात उतरलीस तरी मी समजून घेईन. आलीसच नाहीस तरी. हे मी ओरडून म्हणत नाही.

डॅड


पोर्ट एलरी, १२ ऑगस्ट

जनेल,

तुमचं विमान आता डोंगरांवर कुठेतरी असेल. घरात फार शांत आहे. आयडाचा एक मोजा सोफ्याच्या फटीत सापडला, तो या पाकिटात घालतोय.

तीन दिवस आपण लग्नाबद्दल बोललो, डेनीच्या सासऱ्याच्या नाचाबद्दल बोललो, तू बनवतेस त्या टेबलांच्या पायांबद्दल बोललो. पत्रांबद्दल तू एक अक्षर काढलं नाहीस आणि मीही नाही. माझी तशी तयारी होती. तू या घरात उतरलीस हेच मला पुष्कळ होतं. आयडाचं दूध तूच करत होतीस, ओरेगनच्या तुझ्या घरून आणलेल्या बाटल्यांतल्या पाण्यात. ते मी बघितलं, आणि मला वाईट वाटलं तरी तुझं बरोबरच होतं.

पण काल सकाळचं मला लिहायलाच हवं. मी कॉफी करायला उठलो होतो. तू तिला खांद्यावर घेऊन आलीस, ती गळा काढून रडत होती. तू दुधाच्या पावडरीचा डबा माझ्यापुढे सरकवलास, रिकामी बाटली हातात दिलीस आणि म्हणालीस, "डॅड, तू कर. चार चमचे."

मला चार मोजता येईनात. दोनदा मोजले. मग बाटली नळाखाली धरली आणि नळ उघडला, आणि हात आपोआप थांबला. बोटाएवढी धार. बाटली मी तिरपी धरली होती, मला कळलंही नव्हतं. तुला कळलं. तू माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस. मला वाटलं आता ही काही बोलेल, आणि मी मान खाली घातली.

"पूर्ण सोड की, डॅड," तू म्हणालीस. "सगळे जागेच आहोत."

मी पूर्ण सोडला. पाइप भिंतीत धडधडला, आणि आयडा रडायची थांबली आणि मान वळवून आवाज कुठून येतोय ते शोधू लागली.

डॅड